योकोहामात राहायला येताय? आधी चढ बघा, मग समुद्र

फोटोतलं योकोहामा समुद्राला लागून असलं, तरी परवडणारी घरं बरीचशी टेकड्यांवर आहेत. जाहिरातीत ‘स्टेशनपासून 10 मिनिटं’ लिहितात, तो हिशोब मिनिटाला 80 मीटरचा असतो. चढ, पायऱ्या आणि सिग्नल त्यात धरत नाहीत. त्यामुळे घर बघायला एजंटच्या गाडीतून जाऊ नका. स्टेशनवरून चालत जा, तेही हातात भाजीची भरलेली पिशवी आहे असं समजून.

मुलं शाळेत जाणारी असतील तर बरेच भारतीय मिदोरी वॉर्डातलं किरिगाओका बघतात, कारण भारतीय शाळा तिथे आहे. तोकाइचिबा स्टेशनला उतरून पुढे बस. खासगी घर घेतलं तर अनामत (शिकिकिन), घरमालकाला द्यायची आणि परत न मिळणारी रेइकिन, एजंटची फी, हमी कंपनीची फी आणि पहिलं भाडं असं मिळून सुरुवातीलाच चार-पाच महिन्यांच्या भाड्याएवढे पैसे जातात. यूआर या निमसरकारी गृहसंस्थेच्या भाड्याच्या घरांना रेइकिन, एजंटची फी आणि हमीदार यांतलं काहीच लागत नाही, उत्पन्नाची अट मात्र असते. इमारत जुनी असली तरी पहिल्या घरासाठी आमचं मत यूआरलाच.

राहायला आल्यापासून 14 दिवसांत आपल्या वॉर्डाच्या कार्यालयात (कुयाकुशो) पत्ता नोंदवा. शहरात असे 18 वॉर्ड आहेत, दुसऱ्या वॉर्डात जाऊन चालत नाही. पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड सगळ्यांचं न्या. बायको-मुलं बरोबर असतील तर विवाहाचा आणि जन्माचा मूळ दाखला जपानी भाषांतरासह लागतो. आपल्या महापालिकेचा दाखला मराठी-इंग्रजीत असतो, तेवढ्यावर भागत नाही. भाषांतर कोणी केलं ते त्यावर लिहिलेलं हवं.

वीज-पाणी ऑनलाइन सुरू होतं. गॅसचं तसं नाही. कंपनीचा माणूस घरी येऊन तुमच्यासमोरच तो चालू करून देतो. मार्च-एप्रिलमध्ये घरं बदलणाऱ्यांची झुंबड असते, तेव्हा वेळ आधीच घेतली नाही तर पहिले काही दिवस थंड पाण्याने आंघोळ!

खरी परीक्षा कचऱ्याची. पिशवी पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक हवी, आणि ठरलेल्या दिवशी सकाळी 8 च्या आत बाहेर ठेवायची. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा नेतात. पत्र्याचे डबे, काचेच्या बाटल्या आणि पेट बाटल्या एकाच पिशवीत चालतात, पण पेट बाटलीचं झाकण आणि लेबल काढून प्लास्टिकमध्ये टाकायचं. पिशव्यांवर कचऱ्याच्या जागेवरची जाळी नीट ओढा, नाहीतर कावळे सगळा रस्ता घाण करतात. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका, कागदात टिपून घ्या आणि जळणाऱ्या कचऱ्यात टाका. धातूची वस्तू 30 सेंमीपेक्षा मोठी असेल तर ती ‘सोदाइ गोमी’ म्हणजे मोठा कचरा: आधी नोंदणी, मग पैसे भरून स्टिकर. चुकीची पिशवी तिथेच राहते, आणि ती कोणाची हे शेजाऱ्यांना बरोबर कळतं.

शाकाहारी असाल तर खाण्यात अडचण मांसाची कमी, ‘दाशी’ची (बहुधा माशापासून काढलेल्या अर्काची) जास्त. सोबा नूडल्सच्या साध्या रश्शातही बहुधा तो असतो. चायनाटाउनमध्ये पालेभाजीही डुकराच्या चरबीत परतलेली निघू शकते. ‘निकु नाशी’ म्हणजे फक्त मांस नको. त्याऐवजी ‘निकु मो साकाना मो दाशी मो ताबेमासेन’ (मांस, मासे, दाशी काहीच खात नाही) हे वाक्य पाठ करा.

एवढं मार्गी लागलं की शनिवारी समुद्र. यामाशिता पार्क 1923 च्या भूकंपातला राडारोडा टाकून भर घातलेल्या जमिनीवर उभं आहे. त्याच्या एका कोपऱ्यात घुमटाखाली पाण्याचा छोटा हौद दिसेल. भूकंपात योकोहामाच्या लोकांनी केलेल्या मदतीची जाण ठेवून भारतीय व्यापाऱ्यांनी तो शहराला दिला. मुंबईशी या शहराचं भगिनी-नातं 1965 पासूनचं. शेजारीच हिकावा मारू हे जुनं प्रवासी जहाज आहे. ते आतून बघायचं तर सोमवारी जाऊ नका.

सांकेइएन बागेला स्टेशन जवळ नाही, बसने जावं लागतं. म्हणून लोक टाळतात, पण क्योतोहून आणलेला तिथला तीनमजली पॅगोडा बघण्यासारखा आहे.

संध्याकाळी ओसानबाशी धक्क्याच्या लाकडी छतावर जा. तिकीट नाही, दिवसरात्र उघडं असतं, आणि बंदराचे दिवे तिथून एका नजरेत येतात. थंडीत मात्र कानटोपी न्या. तिथे वाऱ्याला आडोसा नाही.