कळलावी लावताना: कंदाचं टोक सांभाळा आणि हिवाळ्यात पाणी तोडा

कळलावी मेली म्हणून रिकामी केलेली कुंडी नीट चाळली, तर तळाशी बऱ्याचदा धडधाकट कंद सापडतो. पावसाळ्यात दोन-तीन मीटर चढलेली ही वेल दिवाळीच्या आगेमागे पिवळी पडते आणि पार वाळून जाते. हा रोग नव्हे, झोप आहे. वरचा भाग दरवर्षी मरतो, जमिनीखालचा कंद जगतो आणि पुढच्या पावसाला पुन्हा फुटतो. ही झोप ओळखता आली की निम्मं काम झालं.

सह्याद्रीत आणि कोकणात कुंपणांवर, रानाच्या कडेला ती आपसूक उगवते. पण तिथून उपटून आणू नका. औषधासाठी आधीच तिचे कंद बेसुमार खणले गेले आहेत. कंद रोपवाटिकेतूनच घ्या आणि घेताना फुलाचा फोटो मागा. देशी कळलावीच्या पाकळ्या अरुंद आणि कडांना चांगल्याच चुरगळलेल्या असतात. फूल उमलताना हिरवट-पिवळं असतं, मग खालून पिवळं आणि वरून लाल होतं, आणि शेवटी सगळंच गडद लाल. रुंद पाकळ्यांचा, सुरुवातीपासूनच लालभडक दिसणारा प्रकार बहुधा बागेसाठी वाढवलेला, आफ्रिकी मूळ असलेला असतो.

कंद दिसतो इंग्रजी व्ही अक्षरासारखा. दोन भुजा, आणि प्रत्येक भुजेच्या टोकाला एकच डोळा. बटाट्यासारखे सगळीकडे डोळे नसतात, त्यामुळे टोक मोडलं की ती भुजा वाया गेली. मातीत ती नुसती कुजते. विकत घेताना आधी टोक बघा, मग जाडी. ५० ग्रॅमच्या आसपासचा टणक कंद पहिल्याच पावसाळ्यात फुलतो. करंगळीएवढा बारका असेल तर पहिलं वर्ष बहुधा फक्त पानं. दोन भुजा वेगळ्या करायच्या असतील तर जोडावर स्वच्छ सुरीने कापा आणि काप सुकेपर्यंत दोन दिवस सावलीत ठेवा. ओल्या कापाचा कंद लावला तर बुरशी तिथूनच शिरते.

लागवड मेअखेर ते जूनअखेर. कुंडी निदान १२ इंच खोल आणि तितकीच रुंद हवी, तळाला मोकळी भोकं हवीत. दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट. नुसत्या काळ्या मातीत लावू नका. जुलैच्या संततधारेत ती निथळत नाही. कंद आडवा ठेवा आणि वर ६ ते ८ सेंटिमीटर माती येऊ द्या. डोळ्याचं टोक कुंडीच्या कडेला टेकू देऊ नका, कोंब तिथे अडतो. जमिनीत लावायचा असेल तर दोन कंदांत दीड फूट अंतर ठेवा आणि जागा उंचवट्याची निवडा. कोंब वर यायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर उकरून बघायचा मोह आवरा, कोवळा कोंब नखानेही तुटतो आणि त्या भुजेला दुसरा डोळा नसतो.

आता आधार. बहुतेकांचं इथे चुकतं. कळलावीचं खोड काठीला विळखा घालत नाही. तिच्या पानाचं टोक दोऱ्यासारखं लांबतं आणि तेच गुंडाळून पकड घेतं. हे टोक नाजूक असतं, बोटाएवढ्या जाड बांबूला त्याचा वेढा बसत नाही. सुतळी, बारीक तारेची जाळी, वाळलेल्या झुडपाच्या काटक्या चालतात. सगळ्यांत छान म्हणजे एखादं जिवंत झुडूप: बुडाला सावली, शेंड्याला ऊन, तिला रानात मिळतं तसं. पाच-सहा तास ऊन मिळालं नाही तर वेल लांबते पण फुलं कमी येतात.

गौरी-गणपतीच्या सुमारास एखादं फूल जवळून बघा. फूल खाली तोंड करून लोंबतं, पाकळ्या मात्र उलट वर वळलेल्या. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर पसरलेले. आणि स्त्रीकेसराची दांडी बुडापाशीच काटकोनात मोडल्यासारखी बाजूला गेलेली. मधुरस पाकळ्यांच्या बुडाशी असतो. तो प्यायला मोठं फुलपाखरू आलं की त्याचे पंख परागकोशांना घासतात आणि तेच पराग पुढच्या फुलाच्या कुक्षीला, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकाला, लागतात. शिंजीर पक्षीही येतात. मधमाश्या पराग न्यायला येतात, पण कुक्षी इतकी बाजूला असते की त्यांचा स्पर्श बऱ्याचदा होतच नाही. म्हणून एकच वेल लावण्यापेक्षा वेगवेगळ्या कंदांच्या तीन-चार वेली जवळजवळ लावाव्यात. तरीही शेंगा धरत नसतील आणि बी हवं असेल, तर सकाळी ताज्या फुलाचे पराग मऊ ब्रशने दुसऱ्या वेलीच्या फुलाच्या तीन फाट्यांच्या कुक्षीवर लावा. बियांपासून फूल यायला मात्र तीन-चार वर्षं लागतात. घाई असेल तर शेंगा खुडा, जोर कंदात जाईल.

कीड मुख्यतः एकच: काळ्या अंगावर पांढरे आणि लालसर ठिपके असलेली अळी. दोन दिवसांत अख्खी वेल उघडी करते. सकाळी हातमोजे घालून वेचणं हाच खात्रीचा उपाय. फारच झाल्या तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंब तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी, फक्त पानांवर. फुलांवर फवारलं तर ज्यांच्यासाठी वेल लावली त्या फुलपाखरांना-पक्ष्यांनाच त्रास.

ऑक्टोबरनंतर पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करत न्या, वेल वाळली की पाणी पूर्ण तोडा. हिरवी असताना कापू नका, नवा कंद त्या वेळीच भरत असतो. जुना आकसून जातो. कुंडी पाऊस लागणार नाही अशा कोपऱ्यात कोरडी ठेवा. जमिनीतला कंद तिथे पाणी पडत नसेल तर राहू द्या, शेजारच्या झाडांना रोजचं पाणी असेल तर काढून कोरड्या वाळूत ठेवा.

कंद साठवताना त्यावर ठळक नाव लिहा आणि तो स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. संपूर्ण झाड विषारी आहे, त्यातलं कोल्चिसिन नावाचं विष सर्वांत जास्त कंदात आणि बियांत. कंद रताळं किंवा रानकंद समजून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. बाळंतपणाच्या कळा लावायला म्हणून तिचा जो गावठी वापर सांगितला जातो, ज्यावरून हे नाव पडलं, तो अजिबात करू नका. चुकून पोटात गेलं तर उलट्या-जुलाब सुरू व्हायला काही तास लागतात, म्हणून लक्षणांची वाट न बघता वेलीचा तुकडा सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा. लहान मूल किंवा चरणारी जनावरं पोचतील अशा कुंपणावर ही वेल चढवू नका.