वांग्यातली अळी आणि कामगंध सापळा: ल्युर घेताना नाव बघून घ्या

शिरोळकडं नदीकाठाला वांगं केलंय आणि कोवळे शेंडे मान टाकायला लागलेत, तर समजा शेंडा-फळ पोखरणारी अळी आत शिरली. ती एकदा आत गेली की वरनं कितीबी फवारा, तिच्यापर्यंत औषध पोचतच नाही, म्हणून त्या अळीचा जो पतंग होतो त्यालाच धरायचं, आणि तो सापडतो वासावर.

पतंगाला वास येतो तो मिशांनी. मिशीवर बारीक केस, त्या केसांना डोळ्याला न दिसणारी भोकं, त्यातनं गंधाचा कण आत गेला की नर वाऱ्याच्या उलट दिशेनं मादीचा माग काढत येतो. जर्मनीत बुटेनांट यांनी 1959 साली रेशीमकिड्याच्या मादीचा असा गंध पहिल्यांदा वेगळा काढला, त्याला 5 लाखांच्या आसपास पतंग लागले. आपल्याला तसला गंध आज रबराच्या गोळीत तयार मिळतोय, त्या गोळीलाच ल्युर म्हणतात आणि ती टांगलेला तो कामगंध सापळा, केवढी सोय झाली बघा.

पण गंध ज्याचा त्याचा वेगळा. मी पहिल्या वर्षी दुकानात नुसतं "फळ पोखरणाऱ्या अळीचा ल्युर द्या" म्हटलं आणि टोमॅटोतल्या अळीचा घेऊन आलो, आठ दिवस वांग्याचा एक पतंग पडला नाही, तोवर निम्मा प्लॉट किडला, लई वाईट वाटलं. पाकिटावर 'ल्युसिनोडस' लिहिलेलं असेल तरच घ्या. टोमॅटोचा असतो तो 'हेलिकोव्हर्पा'. दोडका-कारल्याच्या फळमाशीला क्यू ल्युर, आंबा-पेरूच्या माशीला मिथाईल युजेनॉल.

लावणीनंतर 15-20 दिवसांनी सापळे लावा, नुसतं लक्ष ठेवायला एकरी 5 बास, नर धरून कमी करायचे असतील तर दर 10 मीटरला एक. पाणी सापळ्यात साबणाचं पाणी घाला आणि गोळी पाण्याच्या जरा वर टांगा, पाण्यात बुडू देऊ नका. सापळा शेंड्याच्या उंचीला पाहिजे, झाड वाढेल तसा वर सरकवत जायचा. दोन जातींच्या गोळ्या एकाच हातानं धरू नका, वास मिसळतो. पाकीट लावायच्या दिवशीच फोडा आणि महिन्या-दीड महिन्यानं गोळी बदला.

सापळ्यात मादी येत नाही, ती अंडी घालतच राहते, म्हणून मान टाकलेले शेंडे दर आठवड्याला खुडायचे. एखादा चिरून बघा, आत फिकट गुलाबी अळी बसलेली दिसेल. खुडलेलं बांधावर टाकू नका, खड्ड्यात पुरा, नाहीतर तिथनंच पतंग होऊन परत तुमच्याच वांग्यावर येतात.