सेंटर डिफ हलकं करताय? आधी या चुका टाळा

अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर नाजूक काम करणारे चांगले हात आहेत. म्हणूनच सोलापुरातल्या जुन्या फोर बाय फोरवाल्यांच्या डोक्यात एक बेत घोळत असतो: ट्रान्सफर केस (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांकडे पाठवणारी पेटी) उतरवायची, तिच्यातल्या सेंटर डिफची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाची, केसिंग लेथवर घासून, भोकं पाडून हलकी करायची, फिरणारं वजन घटलं की पिकअप वाढेल. कल्पनेत तथ्य आहे, पण आकडे मांडून बघायला हवेत.

त्याआधी गाडीत सेंटर डिफ आहे का, ते बघा. थार किंवा जिप्सीत ते नसतंच. २००९ साली आलेली पहिली फॉर्च्युनर फोर बाय फोर, जुनी २.४ लिटरची ग्रँड व्हिटारा अशा फुल टाइम, म्हणजे कायम चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांत ते असतं.

आता हिशेब. डिफ ५ किलोचं आणि त्याचं वजन मध्यापासून सरासरी ५ सेंमीवर धरू. प्रोपेलर शाफ्ट (डिफकडून एक्सलकडे जोर नेणारा दांडा) चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरतो, आणि सेंटर डिफही त्याच वेगाने; म्हणून जडत्व सोळापट (चारचा वर्ग) मोजायचं. चाकाची त्रिज्या ३८ सेंमी धरली, तर अख्खं डिफ फिरवण्याचं जादा ओझं जेमतेम १.४ किलो भरतं. किलोभर लोखंड कोरून काढलंत, तर फायदा सव्वा किलोच्या आसपास. गाडी जवळपास २ टनांची! तुळजापूरचा घाट चढताना हा फरक कुणालाही जाणवणार नाही.

याउलट इंजिनाला जोडलेलं जड चाक, म्हणजे १० किलोचं फ्लायव्हील, पहिल्या गिअरमध्ये २०० किलोंहून जास्त ओझ्यासारखं वागतं, कारण तिथे गिअर आणि एक्सलचं डिफ दोन्हींचं गुणोत्तर वर्गाने लागतं. तरी डिझेलचं फ्लायव्हील घासायला मी सांगणार नाही. आयडलिंगला थरथर येते, आणि ड्युअल मास (दोन भागांचं, मध्ये स्प्रिंग असलेलं) असेल तर त्याला हातच लावू नये. खरा सोपा फायदा टायरमध्ये आहे. ट्रेडजवळचं १ किलो वजन जवळपास २ किलोंसारखं लागतं, आणि चाकं चार आहेत. रुंद, जड मड टायर उतरवून कंपनी साइजचे टाका, फरक गाडीच सांगेल.

सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे भोकं पाडणं. डिफमधले गिअर वरून कडक केलेले असतात. कडक थर कापला की दात झिजायला लागतात, भोकाच्या कडेला तडा सुरू होतो. शिवाय बॅलन्स जातो. १०० च्या स्पीडला शाफ्ट मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेतो. त्या वेगाला मध्यापासून ५ सेंमीवर फक्त १० ग्रॅमचा फरक ४ किलोंहून जास्त जोराने बेअरिंगला हिसके देतो. लेथवर डोळ्यांनी सरळ दिसलेला तुकडा बॅलन्स झालेला नसतो.

दुसरी चूक, डिफला वेल्डिंग मारून जाम करणं. उसाच्या फडातल्या चिखलात हे चालून जातं. डांबरी रस्त्यावर वळताना मात्र पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. तो फरक जिरवायला डिफच उरत नाही. मग ताण शाफ्ट, चेन आणि टायरवर येतो.

पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून वजन कमी करणारेही भेटतात. डिफ लॉक (पुढची-मागची बाजू एकत्र जखडणारी सोय) लावलेलं नसेल तर जोर मोकळ्या बाजूला जातो आणि गाडी जागची हलत नाही. लॉक करून चालवली, तर दोन बाजूंत वाटला जाणारा सगळा भार एका बाजूवर पडतो.

काम आधीच करून घेतलं असेल आणि त्रास सुरू असेल, तर स्वस्तातलं आधी तपासा. वळताना गाडी धरल्यासारखी होते, टायर घासतात? लॉक सुटलंय का बघा, चारही टायर एकाच साइजचे आणि सारखे झिजलेले आहेत का, हवा बरोबर आहे का, ते बघा. ८०–१०० ला थरथर येते आणि न्यूट्रलला टाकूनही जात नाही? आधी चाकांचं बॅलन्सिंग, मग शाफ्टचे क्रॉस (शाफ्टच्या टोकाचे सांधे), त्यानंतर डिफ. क्लच सोडताना खट्‌ आवाज येत असेल तर बहुतेक वेळा क्रॉसच सैल निघतो.

शेवटी ऑइल. ट्रान्सफर केसच्या ड्रेन प्लगला (ऑइल काढायच्या बुचाला) चुंबक असेल तर त्यावर बोट फिरवा. गुळगुळीत करडी पेस्ट लागली तर ती रोजची झीज. बोटाला टोचणारी कपची किंवा दाताचा तुकडा लागला, तर गाडी तिथेच उभी करा आणि केस खोलायला लावा.