लेकराचा कान दाखवायला नेताय? या चुका टाळा

आमची लेक दीड वर्षाची असताना रात्री दोनला कान धरून किंचाळत उठली. सासूबाईंनी लसणाची पाकळी टाकून तेल कोमट केलं, मी चमच्याने दोन-दोन थेंब सोडले. सकाळी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कानात बॅटरी लावून पाहिलं आणि म्हणाले, "पडदा दिसतच नाहीये हो, नुसतं तेल आहे."

एवढ्या लहान मुलाच्या कानात डॉक्टरांना धड बघायला मिळतात जेमतेम दहा सेकंद. ते वाया घालवण्याचं काम बहुतेक वेळा आपणच करतो.

तेल ही पहिली चूक. पडद्याला भोक असेल तर ते थेट मधल्या कानात उतरतं. गेल्या वेळचे उरलेले ड्रॉप्सही याच कारणासाठी विचारल्याशिवाय घालू नका. मळ दिसतोय म्हणून इअरबड फिरवायचं तर नावच नको. मळ आत ढकलला जातो आणि पडद्यासमोर बूच बसतं.

"ताप डॉक्टरांना दिसू दे" म्हणून काही जण पॅरासिटामॉल देत नाहीत. कशाला? पोर कळवळत असेल तर डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेला डोस द्या आणि किती वाजता, किती मिली दिलं ते लिहून ठेवा. दुखणं कमी असलेलं मूल कानाला हात तरी लावू देतं.

धरायचं कसं, हे मात्र आधी घरी करून बघा. मूल मांडीवर आडवं बसवायचं, दुखरा कान डॉक्टरांकडे. तुमचा एक हात त्याच्या कपाळावर, डोकं छातीशी दाबून. दुसऱ्या हाताने त्याचे दोन्ही हात कवेत. पाय तुमच्या गुडघ्यांत. आमच्याकडे बाबांनी धरलं होतं. लेक रडली तशी त्यांची पकड सैल झाली, तिने मान झटकली आणि कानाला खरचटलं. ज्याचं मन घट्ट, त्याने धरावं. शिवाय पोर फार रडलं की पडदा लाल दिसतो, म्हणून झोपेची किंवा भुकेची वेळ टाळा.

"घोरते का?" या डॉक्टरांच्या प्रश्नावर आम्ही दोघांनी दोन उत्तरं दिली. त्यापेक्षा रात्रीचा मोबाइलवरचा व्हिडिओ बरा. तोंड उघडं टाकून घोरणं म्हणजे नाकामागची अ‍ॅडेनॉइडची गाठ वाढल्याची शक्यता असते. नाकातून कानाकडे जाणारी नळी लहान मुलांत आखूड आणि जवळपास आडवी असते, त्यामुळे सर्दी सहज कानापर्यंत पोचते. आडवं झोपवून बाटलीने दूध पाजत असाल तर तेही न लाजता सांगा.

दुखणं थांबलं म्हणून फेरतपासणी बुडवू नका. पडद्यामागे पाणी साचून राहिलं तर दुखत नाही, ऐकू मात्र कमी येतं. हाक मारल्यावर वळत नाही त्याला आपण हट्टी म्हणतो. बऱ्याच मुलांत हे पाणी ३ महिन्यांत आपोआप ओसरतं, म्हणून डॉक्टर "थांबू या" म्हणाले की लगेच दुसरा डॉक्टर शोधू नका. पण बोलणं मागे पडत असेल तर ते स्पष्ट सांगा.

थांबायचं कधी नाही? कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला गेला, चेहरा एका बाजूला वाकडा झाला किंवा कानात बटण सेल गेला तर त्याच दिवशी, त्याच तासाला निघा. चणा-वाटाणा अडकला असेल तर पाणी घालू नका, तो फुगतो.

आणि बेरा तपासणी. ही ऐकण्याची चाचणी एवढ्या लहान मुलाची झोपेत करतात, म्हणून त्याला आधी जागं ठेवायला सांगतात. आम्ही सकाळपासून जागं ठेवलं आणि लेक रिक्षात झोपली. पोचल्यावर टक्क जागी! पुन्हा तारीख घ्यावी लागली. दुसऱ्या वेळी आत्याला शेजारी बसवलं. तिने अख्ख्या रस्त्यात लेकीला बडबडगीतं म्हणायला लावली.