शिवसागराकाठच्या वाडीची नोंद कशी करावी

शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. त्याच्या काठच्या तापोळा-बामणोलीच्या पट्ट्यातल्या एखाद्या वाडीची माहिती लिहायची तर आधी तिचं महसुली गाव, म्हणजे सरकारी जमीन-नोंदीतलं गाव, शोधा. दहा-पंधरा उंबऱ्यांच्या वाडीला जनगणनेत सहसा वेगळी ओळ नसते. तिची माणसं मूळ गावाच्या आकड्यात मिसळलेली असतात. कुठल्याही घराच्या सातबाऱ्यावर गावाचं नाव सापडतं. ग्रामपंचायतीच्या नावावर मात्र जाऊ नका. गटग्रामपंचायत असेल तर तिच्याखाली अनेक गावं येतात आणि आकडा फुगतो. २०११ च्या जनगणनेच्या यादीत काही गावांपुढे लोकसंख्या शून्य दिसते. ती चूक समजू नका. धरणामुळे गाव उठलं तरी महसुली नोंद राहते.

वाडीची स्वतःची लोकसंख्या घरोघर जाऊनच मिळते. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, हाच जनगणनेचा नियम धरा. रेशनकार्डं मोजली तर विभक्त झालेले भाऊ एकत्र पडतात आणि मुंबईला गेलेलेही आत येतात. मतदार यादीत मुलं नसतात. म्हणून प्रत्येक चुलीमागे तीन आकडे घ्या: आज मुक्कामी असलेले, वर्षातले सहा महिने तरी इथे राहणारे, आणि फक्त गणपती, शिमगा किंवा मे महिन्यात येणारे. सहा वर्षांखालची मुलं वेगळी लिहा आणि अंगणवाडीच्या नोंदीशी ताडून पाहा. मोजणीची तारीख आकड्याला चिकटूनच हवी. मे महिन्यातली वाडी आणि जुलैमधली वाडी यांत मोठा फरक असतो, आणि तारखेविना आकडा पुढच्याला फसवतो. टक्केवारी काढू नका. साठ माणसांच्या वस्तीत एक घर बाहेर गेलं की टक्के कोसळतात. लोकसंख्येची घनताही नको, कारण गावाच्या क्षेत्रात जंगल येतं, कधी पाण्याखालची जमीनही.

आता उंची. मोबाइलचा नुसता जीपीएस आकडा समुद्रसपाटीपासूनचा असेलच असं नाही. काही ॲप पृथ्वीच्या गणिती पृष्ठभागापासूनची उंची देतात आणि आपल्या भागात ती कित्येक मीटर कमी दिसते. त्यापेक्षा सोपा आधार समोरच आहे. कोयना धरण पूर्ण भरतं तेव्हा पाण्याची पातळी ६५९.४३ मीटर, म्हणजे सुमारे २१६३.५ फूट असते. भरल्या पाण्याची खूण काठावर स्पष्ट दिसते: खाली उघडी माती, वर झाडोरा. त्या रेषेपासून देवळाच्या पायरीपर्यंतची उंची नळीपातळीने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) टप्प्याटप्प्याने मोजा आणि ६५९.४३ मध्ये मिळवा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावरच्या समोच्च रेषांशी, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांशी, ताडा. लगतच्या दोन रेषांत उंचीचं अंतर २० मीटर असतं, त्यामुळे नकाशा फक्त ढोबळ चूक पकडेल.

नकाशात काठ काढताना भरल्या पाण्याची रेषा ठळक आणि मोजणीच्या दिवशीची तुटक दाखवा. उन्हाळ्यात पाणी हटलं की लाँचचा धक्का सरकतो, म्हणून जलमार्गाचं अंतरही महिन्यासह लिहा. वाडीचं स्थान अक्षांश-रेखांशाच्या चार दशांश स्थळांपर्यंत पुरे. त्यात सुमारे अकरा मीटरची अचूकता येते.

पावसासाठी सातारा शहराचा आकडा वापरू नका. घाटमाथ्याचा पाऊस कितीतरी जास्त असतो. महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर यांतलं जवळचं केंद्र घ्या आणि आकडा १ जूनपासूनचा आहे की फक्त त्या दिवसाचा, हे लिहा.