चार विसा ऐंशी : जप्त मठांच्या जमिनींचे कागद वाचायला शिकताना

भूमी अभिलेख खात्यात सहा वर्षं भूकरमापक होतो. हद्दीच्या खुणा दाखवायच्या, शेजारच्या खातेदारांची भांडणं ऐकायची, मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हातात द्यायची आणि पुढच्या गावाला जायचं. मग एकदा डोक्यात किडा शिरला आणि रजा टाकून इंग्लंडला इतिहासात एमए करायला गेलो. विषय घेतला तोही जमिनीचाच : आठव्या हेन्रीनं मठ बंद केले, तेव्हा त्यांच्या जमिनींची पाहणी आणि विक्री नेमकी कशी झाली. आता या विषयात येऊ पाहणारी मुलं अधूनमधून विचारतात, सुरुवात कुठून करू? माझ्या चुकांवरूनच सांगतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. 1535 मध्ये राजानं चर्चच्या सगळ्या उत्पन्नाची मोजदाद करवून घेतली. 1536 मध्ये वर्षाला 200 पौंडांच्या आतलं उत्पन्न असलेले मठ बंद करायचा कायदा झाला, पुढे मोठेही गेले. शेवटचा वॉल्थमचा, मार्च 1540 मध्ये. या मालमत्तेसाठी 1536 मध्येच 'कोर्ट ऑफ ऑगमेंटेशन्स' उभं राहिलं. नाव कोर्टाचं असलं तरी तिथे मुख्यतः महसूल खात्याचं काम चाले : राजाच्या उत्पन्नात भर घालायची. वर चान्सेलर आणि खजिनदार, दोन कायदेअधिकारी, खाली 10 ऑडिटर आणि 17 वसुलीदार. एवढ्या माणसांत अख्खा देश. आमच्या तालुक्याच्या कार्यालयात याहून जास्त खुर्च्या होत्या (माणसं होती असं म्हणत नाही).

आता माझी पहिली चूक. कागदावर 'सर्व्हे' हा शब्द दिसला आणि मला वाटलं, चला, हा तर आपला हातखंडा. पाहणीतल्या शेतांची नावं आणि एकर घेऊन नकाशा काढायला बसलो. तीन आठवडे! एकही बांध जुळेना. मग मार्गदर्शकांनी शांतपणे विचारलं, "यांनी साखळी टाकली होती असं तुला कुणी सांगितलं?"

कुणीच टाकली नव्हती. तेव्हा सर्व्हे म्हणजे जाऊन बघणं आणि शपथेवर विचारणं. 1536 चे आयुक्त मठात जायचे. त्यांच्यात खात्याचे अधिकारी असत आणि त्या भागातले तीन प्रतिष्ठितही. मठाच्या प्रमुखाला शपथ घालून विचारायचे : माणसं किती, नोकर किती, छपरावर शिसं किती, घंटा किती, देणं कुणाचं, रान (म्हणजे झाडी) केवढं. आपल्याकडच्या पंचनाम्याचाच थाट. एकर लिहिलेला असला तरी तो गावच्या रीतीचा, या गावचा त्या गावाला लागू नाही. नकाशे काढायची पद्धत रुळली ती त्या शतकाच्या शेवटाकडे. म्हणून मोजणी खात्यातून येणाऱ्यांना मुद्दाम सांगतो, क्षेत्रफळ सोडा, खंड (कुळानं वर्षाला द्यायची रक्कम) धरा.

कारण विक्री सगळी खंडावर चाले. ज्याला जमीन हवी तो स्वतःच अर्ज करायचा, अमुक मठाची अमुक वाडी मला हवी. मग ऑडिटर आपल्या हिशेबाच्या वह्यांतून त्या वाडीचा उतारा काढून द्यायचा. या उताऱ्याला 'पर्टिक्युलर्स' म्हणतात आणि लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ते ई 318 या मालिकेत आहेत. वर परगणा, मग मठाचं नाव, त्याच्या आधी 'नुपर', म्हणजे 'माजी'. खाली ओळीनं कुळं आणि प्रत्येकाचा वार्षिक खंड. शेवटी ऑडिटरची सही, आणि तिच्याखाली, बऱ्याचदा वेगळ्या हातानं, खरी गंमत : किंमत लावलेली.

डिसेंबर 1539 मध्ये विक्रीचे अधिकार दिले गेले तेव्हाचा दर होता वार्षिक खंडाच्या 20 पट. नमुन्याला एक आकडा घेऊ : 6 पौंड, 13 शिलिंग, 4 पेन्स. नवखा माणूस म्हणतो, काय काटेकोर कारकून, पेन्सपर्यंत हिशेब! काटेकोर कसला. 13 शिलिंग 4 पेन्स म्हणजे एक मार्क, पौंडाचा दोन तृतीयांश, हिशेबापुरतं चलन. म्हणजे हा सरळ 10 मार्कांचा गोल आकडा आहे. त्यातला दहावा भाग, एक मार्क, राजा कायमचं वार्षिक देणं म्हणून राखून ठेवायचा. अनेक उताऱ्यांत तो आधी वजा केलेला दिसतो. उरले 6 पौंड, त्याची 20 पट 120 पौंड. मग त्यातले रोख किती, बाकी कुठल्या सणाला, हे त्याच कागदावर. शिसं, घंटा यात नाहीत, त्या राजाच्या. रान असेल तर त्याची किंमत वेगळी. कुळानं वर्षाला दोन कोंबड्या द्यायच्या असतील तर त्यांचेही पेन्स करून 20 नं गुणलेले. राजाच्या नावानं वीस वर्षांच्या कोंबड्या एकरकमी विकलेल्या पाहून मी त्या शांत वाचनालयात मोठ्यानं हसलो होतो.

पण मुद्दा यापुढचा आहे. हा खंड आला कुठून? जुन्या वहीतून. बाजारभाव चढला तरी ठरीव खंड बरेचदा तोच. कूळ बदलताना मठ जो नजराणा घ्यायचा, तो या आकड्यात बहुधा दिसतच नाही. म्हणजे 20 पट भाव ऐकायला चोख, पण कशाच्या 20 पट हे ज्याला आतून ठाऊक, त्याचा फायदा. घेणाऱ्यांच्या यादीत याच खात्याची माणसं दिसतात, याचं मला तरी आश्चर्य वाटलं नाही. पहिला चान्सेलर रिचर्ड रिच, त्याला एसेक्समधला लीझचा मठ मिळाला. मूल्यांकनाच्या जवळ बसलेल्या माणसाचं काय साधतं, हे कळायला मला ग्रंथालयात जायची गरज नव्हती.

अक्षराची भीती सगळ्यांना वाटते. ती रास्त आहे, पण दोन-तीन महिन्यांत जाते. क्यूच्या संकेतस्थळावर जुनी लिपी आणि लॅटिन यांचे मोफत पाठ आहेत, घरी बसून रोज अर्धा तास करा. आकडे रोमन, शेवटचा एक जे अक्षरासारखा. मी एका कागदावर चार उभ्या रेघा आणि त्यांच्या डोक्यावर बारीक दोन एक्स पाहिले, चोवीस वाचले आणि त्यावर अर्धं प्रकरण लिहून टाकलं. बेरीज लागेना. रात्री फोनवर आजीला सहज सांगितलं तर ती म्हणाली, "चार विसा असेल, ऐंशी." आजी शाळेत गेलेली नाही, पण बाजारात आंबे विसाविसानं मोजलेले. अगदी तेच होतं : चार आणि वर वीस. त्या दिवसापासून नियम केला, बेरीज जुळल्याशिवाय एकही आकडा टंकायचा नाही. कारकुनानं केलेली बेरीज हीच तुमची उत्तरपत्रिका.

तारखांचंही तसंच. तेव्हा तिथलं वर्ष 25 मार्चला बदलायचं, त्यामुळे फेब्रुवारी 1539 लिहिलेलं असेल तर तो आपल्या हिशेबानं 1540. राजाच्या कारकिर्दीचं वर्ष 22 एप्रिलला सुरू होतं. हिशेबाचं वर्ष सप्टेंबरअखेरच्या मायकेलमस सणाला संपतं. आपलं महसुली वर्ष 1 ऑगस्टला सुरू होतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना यात काही अवघड वाटणार नाही.

वाचनालयात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. स्वतःच्या कॅमेऱ्यानं फोटो काढू देतात, पैसे लागत नाहीत. फोटो काढताना कागदाच्या पाठीमागचाही काढा, तिथे टिपणं असतात. मी काढले नाहीत आणि भाडं भरून पुन्हा गेलो.

इंग्लंडचा खर्च झेपणार नसेल तर गोवा जवळ आहे. पोर्तुगालनं 1834 मध्ये पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त केले, 1835 मध्ये त्याची झळ गोव्याला लागली आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली. जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टीनचा मोडका मनोरा त्याचाच अवशेष. चर्च तेव्हा ओस पडलं आणि 1842 मध्ये त्याची कमान कोसळली. पणजीच्या अभिलेखागारात बसायचं तर पोर्तुगीज लागेल, सहा महिने तरी द्या.

नोकरीचं विचाराल तर नुसत्या या पदवीवर नोकरी शोधायला मी गेलो नाही. रजा संपली, परत खात्यात रुजू झालो. सध्या देवस्थान इनामांच्या जुन्या नोंदी तपासायचं काम माझ्याकडे आहे, आणि कागद हातात आला की आधी तळाची बेरीज बघतो.