घरी पाठ, रंगमंचावर सपाट: पाठांतरातल्या या चुका टाळा

गोव्यात, फोंडा महालातल्या आमच्या गावात जात्रेला दरवर्षी मराठी नाटक होतं, आणि विंगेत संहिता घेऊन बसायचं काम गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. नट नेमका कुठे अडतो, हे प्रॉम्प्टरइतकं कुणालाच कळत नाही. वाक्याच्या मध्ये सहसा कुणी अडत नाही, अडतात ते सांध्यावर. समोरच्याचं वाक्य संपलं, आता आपलं... आणि डोळे विंगेकडे. मग रंग उतरवताना ठरलेलं वाक्य: "घरी तर धडाधड येत होतं!" ते खोटं नसतं. घरी वही पुढ्यात असते, एवढंच.

वाचून वाचून पाठ करणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि शाळेपासून आपण तीच घोटत आलो आहोत. दहाव्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपण समजतो, पाठ झाला. पण शेजाऱ्याला पाहिल्यावर ओळखणं वेगळं आणि तो नसताना त्याचं नाव आठवणं वेगळं.

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे तपासलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि मग न बघता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं आणि लिहून पाहणाऱ्यांना ५६ टक्के. ती पाच मिनिटांची आघाडीच आपल्याला फसवते.

म्हणून दोनदा वाचा आणि पानावर हात ठेवा. अडलात तरी लगेच हात उचलू नका, थोडं झगडा. नाहीच आलं तर बघा, दोन वाक्यं मागे जा आणि तिथून पुन्हा या.

दर वेळी पहिल्या पानापासून

माझा भाचा तालमीला आला की म्हणायचा, "मामा, सगळें येता म्हाका." पहिला प्रवेश खरंच लोण्यासारखा यायचा. तिसऱ्यात गाडी बंद. कारण उघड होतं. अडला की हा पुन्हा सुरुवातीला जायचा, म्हणजे पहिलं पान पन्नासदा आणि शेवटचं पाचदा. त्याला म्हटलं, आजपासून शेवटच्या प्रवेशापासून उलटा ये. पंधरा दिवसांत फरक दिसला.

सांधे पक्के करायची युक्ती आपल्या वेदपाठकांकडे कधीपासून आहे. क्रमपाठात पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं, तिसरं-चौथं अशी पदं जोडीने म्हणतात. घनपाठात तर १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ असे उलटसुलट फेरे असतात. नटाने इतकं करायची गरज नाही, पण क्रमपाठ जरूर उचलावा. समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे चार शब्द आणि आपल्या वाक्याचे पहिले चार, एवढ्याच जोड्या रोज घोकाव्यात. आपलीच वाक्यं रंगवून घोकणारा नट सांध्यावर हमखास पडतो.

आदल्या रात्री उरकणं

हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली ते प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांची बारा-बारांची माळ तो पाठ करायचा. आदल्या दिवशी सलग ६८ वेळा म्हणून जे साधलं, तेच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ वेळांत साधलं. म्हणजे जवळजवळ अर्धी मेहनत. शिवाय रात्रीची झोप वाचते, आणि पाठ केलेलं मुरतं ते झोपेतच.

एकसारख्या खांबांना मुद्दे टांगणं

ही चूक माझी स्वतःची. ओळखीच्या जागेतून मनाने फिरायचं आणि ठिकठिकाणी एकेक मुद्दा ठेवत जायचं, ही ग्रीक-रोमन वक्त्यांची जुनी रीत. वाचनालयातल्या भाषणासाठी मी देवळाचा सभामंडप निवडला. आठ खांब, आठ मुद्दे. भाषणात तिसऱ्या खांबावरून थेट पाचव्यावर गेलो, मग चौथा आठवला तो समारोपात. श्रोते सज्जन होते.

पुढे कळलं की इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या एका लॅटिन वक्तृत्वग्रंथात ही सूचना चक्क लिहून ठेवली आहे: जागा एकमेकींसारख्या नकोत, खांबांमधल्या मोकळ्या जागा वापराल तर गोंधळाल. दर पाचव्या जागेवर खूण ठेवा, असंही तिथे सांगितलंय.

आता मी आमचं जुनं घर वापरतो. अंगणातली तुळस, सोप्यावरचा झोपाळा, राजांगण, देवखोली, मग चूल, न्हाणीतलं तांब्याचं भाण. एकाचं रूप दुसऱ्याशी जुळत नाही. आणि त्यावर ठेवायचं चित्रही चावट किंवा विचित्र हवं. झोपाळ्यावर नुसती फाईल ठेवली तर विसराल, सरपंच फाईल पांघरून घोरतायत असं पाहिलंत तर नाही.

सगळीच स्मरणशक्ती वाढेल ही आशा

परीक्षेच्या दिवसांत घरोघरी येणाऱ्या सिरपच्या बाटल्यांबद्दल मी एवढंच म्हणेन की त्यातून संवाद पाठ झालेला नट अजून विंगेतून दिसलेला नाही. सरावालाही मर्यादा आहे. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात एका विद्यार्थ्याने दीडेक वर्षाच्या सरावाने ऐकलेले आकडे लक्षात ठेवायची मजल सातावरून ७९ वर नेली. तो धावपटू होता, आकड्यांना शर्यतीच्या वेळा समजून त्यांचे गट पाडायचा. आकड्यांऐवजी अक्षरं दिली तेव्हा गडी पुन्हा सहावर. तेव्हा जे लक्षात ठेवायचंय त्याचाच सराव करा.

तरीही अडलात तर

कांदोळीत १७५६ साली जन्मलेले धर्मगुरू आबे फारिया, ज्यांचा पुतळा पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आहे, त्यांची गोष्ट गोव्यात सगळ्यांना ठाऊक असते. पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचनाला उभे राहिले आणि शब्द फुटेना. तेव्हा वडील खालून कोकणीत पुटपुटले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" म्हणजे समोर बसलेत ते सगळे भाजीपालाच समज आणि काप. आणि पोराची जीभ सुटली, असं सांगतात. वडिलांनी प्रवचनातला एकही शब्द पुरवला नव्हता. भीती तेवढी उतरवली.

रंगमंचावर तेच करा. पुढचं वाक्य ओढून आणायच्या भानगडीत न पडता श्वास सोडा आणि समोरच्याचं शेवटचं वाक्य प्रश्नासारखं परत उच्चारा. "उद्या निघायचं म्हणता?" प्रेक्षकांना तो अभिनय वाटतो, आणि सांधा घोटलेला असेल तर पुढचं आपोआप येतं. नाहीच आलं तर विंगेत मी आहे. पण मी पहिले दोनच शब्द देईन, पूर्ण वाक्य नाही. तेवढं वाट पाहून ऐका, माझ्या अंगावर बोलू नका.